भिंतीवरची रेघ

आज शिरोळला मामांकडे गेलो होतो. सोप्यातल्या भिंतीवर खिळ्यानं ओढलेली रेघ अजून आहे, २०१९ च्या पुराच्या पाण्याची. माझ्या डोक्याच्याही वीतभर वर. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे मामीला तोंडपाठ. शेत सगळं उसाचं, आणि आपल्याकडच्या पीकविम्यात ऊस बसतच नाही! चार नद्यांच्या या तालुक्यात हे फार लागतं मनाला.

‘भारत गृह रक्षा’ या घरविम्याच्या पॉलिसीत घर नि सामानाला पुराचं संरक्षण मिळतं, हे मामांना आज कळलं. लगेच कागद काढले. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, सगळं मामीनं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेलं. त्या वेळी पोटाशी धरून बोटीत चढली होती ती हीच पिशवी.