√(५क्ष − ४) + क्ष = ० : माझा अनुभव

वर्गमूळ असलेली समीकरणे शिकताना बाकीचे टप्पे मला जड गेले नाहीत. वर्गमुळाचे पद एका बाजूला एकटे ठेवायचे, दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा आणि पुढे नेहमीसारखे सोडवायचे, एवढेच ते काम आहे. मी अडलो तो वर लिहिलेल्या एकाच समीकरणापाशी, आणि त्यात अख्खी संध्याकाळ गेली.

क्ष पलीकडे नेऊन वर्ग केल्यावर ५क्ष − ४ = क्ष² मिळाले, (क्ष − १)(क्ष − ४) असे सुबक अवयव पडले, आणि १ व ४ ही उत्तरे मी समाधानाने चौकटीत लिहिली. उत्तरसूचीत मात्र ‘उकल नाही’ एवढेच छापलेले होते. छपाईची चूक असणार अशा खात्रीने मी अवयव पुन्हा पाडले, मग सूत्र वापरले, आणि दर वेळी तेच १ आणि ४ समोर आले. वर्ग केलेल्या ओळीत ताळा पाहिला, तर तिथेही दोन्ही जुळले! शेवटी वैतागून किमती मूळ समीकरणात घातल्या, तेव्हा शून्याऐवजी १ साठी २ आणि ४ साठी ८ आले.

आकडेमोड बरोबरच होती. १६ ची वर्गमुळे ४ आणि −४ अशी दोन असली, तरी √१६ म्हणजे फक्त ४, कारण हे चिन्ह ऋण वर्गमूळ दाखवतच नाही. वर्ग केला की चिन्हांचा भेद पुसला जातो; त्यामुळे माझी ओळ √(५क्ष − ४) = −क्ष याची जितकी होती, तितकीच √(५क्ष − ४) = क्ष याचीही होती, आणि १ व ४ ही त्या दुसऱ्या, कोणी न विचारलेल्या समीकरणाची उत्तरे होती. ही गोष्ट पुस्तकाने तळटीपेत का ढकलावी, याचा राग अजून गेलेला नाही.

आता मी वर्ग करण्याआधीच थांबतो. मुळाखालची संख्या ऋण नको, म्हणजे क्ष किमान ०.८ हवा, मग धन क्षमध्ये वर्गमूळ मिळवून शून्य येणे शक्यच नाही. संध्याकाळभराचे काम एका ओळीत आटोपते, याचा थोडा अभिमानही वाटतो.

तरीही प्रत्येक वेळी सगळे रद्द होते असे नाही. √(क्ष + ७) = क्ष − ५ यातून ९ आणि २ मिळतात; ९ टिकते, तर २ घातल्यास डावीकडे ३ आणि उजवीकडे −३ येऊन ते बाद होते. आधी सांगायचे राहिले ते असे, की पद एकटे न करताच वर्ग केला, तर मधल्या पदात वर्गमूळ तसेच उरते आणि सारे पुन्हा करावे लागते.