तीन टाक्यांचा संसार

कॅनडातलं सू सेंट मरी शहर सोडून सतरा नंबरच्या हायवेने उत्तरेला निघालं की दीडशे किलोमीटरच्या आत डाव्या हाताला अगावा बे लागतो. ऑन्टारिओतल्या लेक सुपीरियर प्रोव्हिन्शियल पार्कचा हा कॅम्पग्राउंड. झाडांची एक रांग, तिच्यापलीकडे गोट्यांचा किनारा आणि त्यापुढे नुसतं पाणी. क्षेत्रफळाने जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर, ८२,००० चौरस किलोमीटरचं. महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही मोठं. आणि त्याच्या काठाला उभ्या केलेल्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, माणसं तांब्याने पाणी मोजत असतात.

कारण तळं बाहेर आहे आणि संसार टाकीतला. पंचवीस फुटी आरव्हीत चांगल्या पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरची. त्याखेरीज सांडपाण्याची ग्रे टँक आणि संडासाची ब्लॅक टँक, दोन्ही शंभर-सव्वाशे लिटरच्या आसपास. जागेवर वीज मिळू शकते, पण नळ आणि गटार नाही. पाणी पार्कातल्या भरण्याच्या नळावर भरायचं, घाण डम्प स्टेशनवर सोडायची. टोरंटोहूनच टाकी भरून निघणारे दीडशे किलो वजन आठशे किलोमीटर उगाच वाहतात. वाटेपुरतं तीस लिटर पुष्कळ झालं.

चौघांच्या घरात आधी संपतं ते चांगलं पाणी नाही. आधी भरते ती ग्रे टँक. शॉवर मिनिटाला सहा लिटर ओततो, म्हणजे दोघांनी दहा-दहा मिनिटं आंघोळ केली की टाकी काठाशी आली. मग शॉवरच्या तळातून साबणाचं पाणी उलटं वर येतं, कारण गाडीतलं सर्वांत खालचं भोक तेच. नळाला तासभर पाणी येणाऱ्या घरात जे वाढले त्यांना इथे फार शिकवावं लागत नाही. अर्धी बादली आणि तांब्या घेतला की आठ लिटरमध्ये काम होतं. ताटं विसळण्याआधी कागदाने पुसून घ्यावीत. वरणभाताची शितं आणि फोडणीचं तेल ग्रे टँकमध्ये गेलं, की तिसऱ्या दिवशी जो वास सुटतो त्याचा ठपका सगळे बिचाऱ्या ब्लॅक टँकवर ठेवतात.

ब्लॅक टँकचं तत्त्व नेमकं उलटं आहे. काटकसरीची सवय लागलेला माणूस इथेही पाणी वाचवतो आणि तिथेच फसतो. टाकी रिकामी केल्यावर आत दहा लिटर पाणी नि टाकीचं औषध घालूनच वापर सुरू करावा आणि दर वेळी सढळ पाणी सोडावं. पाणी कमी पडलं की संडासाच्या बरोबर खाली ढीग साचतो, वाळतो आणि खरवडल्याशिवाय हलत नाही. कुठे गटाराची जोडणी मिळालीच तर व्हॉल्व्ह उघडा ठेवण्याचा मोह टाळावा. पातळ तेवढं निघून जातं, घट्ट मागे राहतं. पाण्याने धुणाऱ्यांची टाकी लवकर भरते खरी, पण सहसा तुंबत नाही. तुंबवतो तो कागद. तोच कागद आतल्या सेन्सरला चिकटला की रिकामी टाकीही भिंतीवरच्या दिव्यात भरलेली दिसते. त्या दिव्यापेक्षा किती दिवस झाले ते मोजलेलं बरं.

पाणी कसं वागतं ते गाडी उभी करतानाही कळतं. दरवाजाच्या चौकटीशी पाणसळ धरायची, जी बाजू खाली असेल तिकडच्या चाकांखाली ठोकळे ठेवून गाडी वर चढवायची, मग चाकांना पाचर, आणि शेवटी कोपऱ्यांचे पाय टेकवायचे. हे पाय गाडी डुलू नये म्हणून असतात. त्यांनी गाडी उचलायला गेलं की ते वाकतात. हा आटापिटा झोपेत डोकं खाली जाऊ नये एवढ्यासाठीच नाही. गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये अमोनियाचं मिश्रण उतारानेच फिरतं. गाडी तिरकी राहिली की ते एका जागी अडतं आणि फ्रिज कायमचा बसू शकतो.

जुलैतही इथली रात्र गारठवते आणि बिनविजेच्या जागेवर बॅटरीची गंमत तेव्हाच होते. हीटर गॅसचा, म्हणून लोक निर्धास्त. पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर सात-आठ अँपिअर खातो. आठ तासांच्या रात्रीत तो तिसरा हिस्सा वेळ चालला तरी वीस अँपिअर-तास गेले. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतले वापरण्याजोगे पन्नासच. दिवे, पंप नि फोनचं चार्जिंग धरलं तर दुसऱ्या पहाटे हीटर नुसता टिकटिक करतो. विजेची जागा घेतली तरी तीस अँपिअरची मर्यादा आहेच. किटली, मायक्रोवेव्ह आणि विजेची शेगडी एकदम लावली की अंधार. भारतातून आणलेला मिक्सर १२० व्होल्टवर नुसता कण्हतो. चटणी घरूनच वाटून न्यावी. आणि मिरचीची फोडणी आत देऊ नये. धुराचा अलार्म वाजला की शेजारच्या चार जागा जाग्या होतात. बाहेर दिली तर कढई लगेच धुऊन, पुसून गाडीत ठेवायची. अस्वलांना खमंग वास आपल्याहून कितीतरी जास्त कळतो.

धुवायची म्हणजे तळ्यात नाही. ‘निसर्गात विरघळणारा’ साबणसुद्धा तळ्यात चालत नाही. जवळच अगावा रॉकच्या कड्यावर इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांनी काढलेली गेरूची चित्रं आहेत. त्यांत मिशिपेशू आहे, पाण्याखाली राहणारा, शिंगं नि पाठीवर काटे असलेला. त्या कड्याशी पाय ओले झाले की तळ्याला स्वभाव आहे असं कुणाला का वाटलं असेल ते कळतं. तोच स्वभाव दुपारी वाऱ्यातून दिसतो. सावलीसाठी गाडीच्या भिंतीपासून बाहेर ताणलेली कनात एका झोताने उचलली जाते, दांडे पिळवटतात आणि स्क्रू भिंतीतून उपटून येतात. फिरायला जाताना कनात गुंडाळूनच जावं.

रात्री लाटा एका लयीत गोटे खडखडवत असतात. मध्येच गाडीच्या पोटातला पंप दोन सेकंद घुरघुरतो आणि थांबतो. नळ तर सगळे बंद आहेत. म्हणजे कुठेतरी थेंब थेंब गळतंय. बहुधा संडासाचा व्हॉल्व्ह. शोध सकाळी घ्यावा. आत्ता पंपाचं बटण बंद करावं नि पांघरूण ओढावं.