नवरीचा उपास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. मे महिन्यात आमच्याकडे ऊन लागलेलेच जास्त येतात. बाप आणि भावाच्या मधे मोटारसायकलवर धरून आणलेली ती पोरगी पाहून मला उन्हाचाच संशय आला. पण अंग गार होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते आणि नाडी मधेच ठोका चुकवत होती. बीपी ८४/५६, शुगर ५८.

"काय खाल्लं हिनं?"

"काही नाही जी, उपास हाय तिचा," मागून आलेली आई म्हणाली. "झाले नऊ-धा दिवस. लग्नासाठी धरला असन."

सगळ्यांना बाहेर काढल्यावर पोरगी बोलली. ब्लाऊज मुद्दाम दोन इंच कमी मापाचा शिवायला टाकला होता. दिवसभर लिंबूपाणी आणि काकडी, रात्री पोट साफ करायचं चूर्ण. पोरीनं जेवण सोडलं तर घरात आरडाओरडा होतो. उपास म्हटलं की कौतुक होतं. तिनं ते बरोबर हेरलं होतं.

"पण पाच किलो उतरली ना मॅडम!" ओआरएस पिता पिता तीच मला सांगू लागली. मी केसपेपरच्या मागे हिशेब मांडला. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी. तिच्या अंगाला दिवसाला लागतात दोन हजारांच्या आसपास. नऊ दिवस नुसती हवा खाल्ली तरी सव्वादोन-अडीच किलोंच्या वर चरबी जळत नाही. बाकी गेलं ते पाणी आणि स्नायू. शिवाय चूर्णानं पोटॅशियमही नेलं, ज्याच्यावर हृदयाचा ठोका चालतो.

१०८ बोलावून पुढे पाठवलं. पोटॅशियम निघालं २.८, साडेतीनच्या खाली नको. आई डबा भरायला निघाली होती, तिला थांबवलं. एवढ्या उपाशी पोटावर एकदम भरपेट जेवलं तर रक्तातले क्षार आणखी घसरतात.

सुट्टी झाल्यावर मायलेकी आल्या. भाकर बंद करायची नाही, दोनाची दीड कर. तुरीचं वरण घट्ट घे, भाजीतलं तेल निम्मं, चहातली साखर कमी, पहाटे पांदणीनं चालून ये. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. दोन-तीन महिन्यांनी केस गळू शकतात, हेही सांगून ठेवलं. नाहीतर दोष सासरच्या विहिरीच्या पाण्याला जायचा.

"मंग लग्नापर्यंत किती उतरन?" आईनं विचारलं.

"दीड किलो."

"मंग टेलरलेच सांगतो, शिलाई उसव म्हणून."