शिंपलीचा जनरेटर: लाल दिव्याचं कोडं सुटलं

सुटलं एकदाचं! शिंपली म्हणजे माझा राहायचा ट्रेलर. तिच्यासाठी आणलेल्या जनरेटरवरच्या ज्या लाल दिव्याने तीन आठवडे माझी झोप उडवली होती, त्याचं कारण सापडलं आणि ते जनरेटरमध्ये नव्हतंच. मागच्या नोंदीत मी ३ केव्हीएचा जनरेटर घ्यायचं जवळजवळ पक्कं केलं होतं, चिपळूणच्या दुकानदाराला तसा शब्दही दिला होता. काल फोन करून त्यांना थांबायला सांगितलं.

एसी बॅटरीवरच चालवायचा हे एप्रिलमध्ये ठरलंय, त्यात बदल नाही. १ टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात सरासरी ४५० वॉट घेतो. आठ तासांचे ३.६ युनिट, इन्व्हर्टरमधली घट धरून ४. बॅटरी १२.८ व्होल्ट ४०० एएच (अँपिअर-तास), म्हणजे ५.१२ युनिटची, त्यामुळे सकाळी वीसेक टक्के शिल्लक असते. प्रश्न एवढाच की हे ४ युनिट दिवसा परत भरायचे कसे. छतावर ४०० वॉटचं सोलर आहे, पण वेळणेश्वरला शिंपली उभी असते माडांखाली. उन्हात उभी केली तर सोलर भरपूर देतं, पण आत बसवत नाही. सावलीत गारवा असतो, सोलर मात्र मान टाकतं. एकच झावळी पॅनलवर तिरकी आली आणि आकडा १८० वॉटवरून ४० वर उतरला, हे मी जिन्याच्या पायरीवर उभी राहून बघितलंय.

पहिली चाचणी मांडववाल्याच्या जनरेटरची. पेट्रोलवर सुरू करायचा आणि रॉकेलवर चालवायचा, लग्नाच्या हंगामात गावोगाव दिसतो तोच प्रकार. ताकद आहे, त्यात शंका नाही. जुना साधा फ्रिज आणि पाण्याचा पंप एकदम लावले तर एकदा कण्हला आणि दोन्ही ओढले. पण हा प्रकार मिनिटाला ३००० फेऱ्यांवर फिरला तरच ५० हर्ट्झ देतो. रिकामा असताना ५२ दिसत होते, लोड आला की ४७. माझ्या इन्व्हर्टरला ते अजिबात मानवलं नाही. आत घेतो, सोडतो, परत घेतो, रिलेची टकटक चालूच. शिवाय आवाज. अर्ध्या तासात वाडीच्या काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. ‘अगो, हे लग्नघर आहे काय? बंद कर आधी ते. आमच्या ह्यांना आत्ताच कुठे झोप लागल्ये.’ केला बंद. रॉकेलवाल्यावर तिथेच फुली मारली.

मग मित्राचा २.२ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर आणला. सुटकेसच्या आकाराचा, मी एका हाताने उचलते. यात आधी डीसी करून मग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ५० हर्ट्झ तयार होतात, त्यामुळे इंजिन हळू फिरलं तरी हर्ट्झ हलत नाहीत. दोरी दोनदा ओढली, चोक आत ढकलला, हिरवा दिवा लागला. चार्जर लावला. बॅटरीत ८० अँपिअर जायला लागले तेव्हा इतकं समाधान वाटलं की चहा टाकला. चहा उकळायच्या आत हिरवा गेला आणि ओव्हरलोडचा लाल आला. इंजिन चालूच, पण प्लगमध्ये वीज नाही.

इथून पुढचे तीन आठवडे त्या लाल दिव्याचे. बंद करून परत सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटं नीट चालायचा आणि परत लाल. चार्जरच्या प्लगवर लावलेला वॉटमीटर दाखवत होता १२९० वॉट. जनरेटरची कायमची क्षमता १.८ केव्हीए. म्हणजे पाचशे शिल्लक! मग ओव्हरलोड कसला?

आधी पेट्रोलवर संशय घेतला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं आणि आपल्याकडे मे महिन्यात हवेतच पाणी असतं. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी केली, ताजं पेट्रोल भरलं. लाल. इंजिनचा स्पार्क प्लग काढला तर चांगला तपकिरी, एअर फिल्टर स्वच्छ. जनरेटर उन्हात तापत असेल म्हणून वर पोफळीच्या विरीचं छप्पर केलं, चारही बाजूंनी हवा मोकळी ठेवून. लाल. पंधरा मीटरची केबल बारीक आहे असं वाटून २.५ चौरस मिलिमीटरची घातली. ती बदलायलाच हवी होती, पण दिवा लालच. एका ऑनलाइन विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, ३.५ केव्हीए घ्या.’ चार्जर कुठला, बाकी काय लावलंय, एक शब्द विचारला नाही. अशांच्याच जाहिरातीत काही क्षणांपुरती कमाल क्षमता ठळक छापलेली असते आणि कायमची क्षमता शोधावी लागते. मला याचा मनापासून राग येतो, कारण लोक तो मोठा आकडा बघून पैसे मोजतात.

धागा सापडला तो फ्रिजमुळे. तिसऱ्या शनिवारी मी वही घेऊन जनरेटरजवळ बसले आणि लाल दिवा लागल्याच्या वेळा लिहीत गेले. दोन्ही वेळा त्याच्या क्षणभर आधी आतून फ्रिजच्या कॉम्प्रेसरची ‘ठक्’ ऐकू आली होती. फ्रिज बंद ठेवला. आता दिवा अर्ध्या-पाऊण तासाने लागला, पण लागलाच. म्हणजे फ्रिज शेवटची काडी होता, मोळी आधीच जड होती.

मग वॉटमीटरचं ते बटण दाबलं, जे मी विकत घेतल्यापासून कधी दाबलं नव्हतं. व्होल्ट २२८. अँपिअर ८.७. गुणाकार केला, १९८४. आणि वॉट तेच १२९०. पुन्हा बटण दाबलं: पीएफ (पॉवर फॅक्टर, वॉट भागिले व्हीए) ०.६५.

म्हणजे मी वॉट बघत बसले होते आणि जनरेटर व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, मोजत होता. १.८ केव्हीएच्या यंत्रावर सतत जवळजवळ २ केव्हीए, आणि त्यावर फ्रिजचा झटका.

असं का होतं, तर साध्या चार्जरमध्ये येणारी वीज नुसती डायोड आणि कपॅसिटरमधून जाते. व्होल्टेजची लाट शिखरावर येते तेवढ्याच क्षणी तो करंट घेतो, बाकीचा वेळ काहीच घेत नाही. रहाटाच्या माळेतले बहुतेक लोटे रिकामे आणि दोनच काठोकाठ भरलेले असावेत तसं. पन्हळीत पाणी तेवढंच पडतं, पण दर फेऱ्याला बैलाच्या मानेला हिसका बसतो. महावितरणच्या लाइनीला या हिसक्याचं काही वाटत नाही, म्हणून घरी हाच चार्जर कधी कुरकुरला नाही. छोट्या जनरेटरला मात्र तो पुरता जाणवतो.

लगेच चार्जरच्या सेटिंगमध्ये जाऊन ८० चे ६० अँपिअर केले. मीटरवर ६.५ अँपिअर, म्हणजे १४८० व्हीएच्या आसपास. फ्रिज चालू केला. ‘ठक्’ झालं, जनरेटरचा आवाज एक पट्टी चढला आणि उतरला. दिवा हिरवा. मी पुढचे चार तास तिथून फारशी हललेच नाही. काकूंनी आंबोशी घालून केलेली आमटी आणि भात तिथेच आणून दिला. बॅटरी २२ टक्क्यांवरून ८५ वर गेली, दिवा हिरवाच. या छंदात मला मिळालेली ही सगळ्यात गोड दुपार.

आता खरेदी जनरेटरची नाही, आधी चार्जरची. पीएफ सुधारणारा चार्जर घेतला (डब्यावर ०.९८ किंवा ०.९९ लिहिलेलं असतं) तर तेच ८० अँपिअर १३२० व्हीएच्या आत मिळतील. तो महाग आहे. पण २.२ आणि ३ केव्हीएच्या किमतीतल्या फरकापुढे काहीच नाही, आणि वजनातला फरक तर विचारूच नका. होंडाचेच आकडे घ्या: ईयू२२आय २१ किलो, ईयू३०आयएस ६१ किलो, त्यात १३ लिटरची टाकी भरली की आणखी साडेनऊ. हे सगळं ए-फ्रेमवरच्या (ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावरच्या) पेटीत, म्हणजे थेट टो बॉलवर, गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर अडकतो त्यावर. शिंपलीच्या नाकाचा त्यावरचा भार आत्ताच ९५ किलो आहे आणि माझ्या गाडीच्या टो बॉलची मर्यादा १००. ३ केव्हीए घेतला असता तर परशुराम घाटात काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

लिहिता लिहिताच दुसरा हिशोब डोक्यात आला. पीएफ चांगला असेल तर २.२ तरी कशाला? १ केव्हीएच्या वर्गातले १३ किलोचे येतात, कायमची क्षमता ९०० व्हीए. चार्जर ४५ अँपिअरवर ठेवला तर ७४० व्हीए पुरतात. ४ युनिट भरायला जवळजवळ सात तास लागतील खरे. पण चिपळूणहून येताना गाडीच्या अल्टरनेटरवरून ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने दोन तासांत पाऊण युनिट येतं, आणि सावलीतही सोलर दिवसाला एखादं युनिट देतंच. मुक्कामाच्या दिवशी तीन युनिट उरतात, म्हणजे सव्वापाच तास. पुढे कमी पडलं तर तसाच दुसरा घेऊन समांतर केबलने जोडायचा. दोन वेळा १३ किलो उचलणं मला एकदा ६१ उचलण्यापेक्षा केव्हाही परवडेल. कुणी दोन छोटे जोडून चालवले आहेत का? अनुभव हवाय.

दोन गोष्टी याच चाचण्यांत लक्षात आल्या. टेस्टर लावला तर दोन्ही पिनांत मंद पेटला. घाबरू नका, या जनरेटरांत न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, तरंगता असतो. पण मग ट्रेलरमधला आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) खऱ्या गळतीला पडणार नाही. त्याचं टेस्टचं बटण दाबलं तर तो पडतो, कारण ते बटण अर्थवर अवलंबूनच नसतं, आणि आपण निर्धास्त होतो. परवानाधारक वायरमनकडून जनरेटरच्या केबलपुरता न्यूट्रल-अर्थ जोड असलेला वेगळा प्लग करून घेतला, लाल टेप गुंडाळून. घराच्या लाइनीवर तो कधीच लावायचा नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, म्हणून जनरेटर शिंपलीच्या डोंगराकडच्या बाजूला ठेवला होता, धूर मागे जायचा. संध्याकाळी वारा पडला आणि मग मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुरू झाली तसा तोच धूर थेट खिडकीत यायला लागला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धुराचा वास आला म्हणून कळलं तरी. आता आत डिटेक्टर लावलाय आणि सूर्य मावळला की जनरेटर बंद, हा नियम. तसंही निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि काकूंची मर्यादा त्याहून कमी.

परतीला पेट्रोलची चावी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवलं, म्हणजे वाटीत काही राहत नाही. टर्मिनलांना व्हॅसलिन फासलं. चार्जर मागवलाय. तो आला की हेदवीला दोन दिवस मुक्काम, मित्राच्या भावाचा १ केव्हीएवाला घेऊन. फ्रिजचं ‘ठक्’ त्याला झेपतं का, तेवढंच बघायचंय.