पाच-सहा फुलांची मोजणी

दरवर्षी मार्च महिन्यात टोकियोतील यासुकुनी देवस्थानाच्या आवारात हवामान खात्याचे कर्मचारी एका ठरावीक चेरीच्या झाडाखाली उभे राहून फुले मोजतात. पाच-सहा फुले उमललेली दिसली की शहरात साकुरा फुलल्याची अधिकृत घोषणा होते. येथे आल्यावर पहिल्या वर्षी मी गर्दीबरोबर फक्त बहर पाहायला गेले होते. वर्षातून एकदा झाडापाशी जाणे आणि तेच झाड रोज पाहणे यांत किती अंतर आहे, हे मला त्या मोजणीमुळे हळूहळू उमगले.

माझ्या स्टेशनच्या वाटेवर एक गिंको आहे. सकाळी त्याच्यापाशी दोन मिनिटे थांबायचे, असा आता नेमच झाला आहे. एप्रिलच्या सुरुवातीला उघड्या फांदीवर कोंब फुटतात, तेव्हा पान जेमतेम नखाएवढे असते. तरीही त्याचा पंख्याचा आकार तेव्हाच पूर्ण झालेला असतो, फक्त त्यावर बारीक चुण्या असतात आणि त्या दिवसागणिक उलगडत जातात.

रानात निवांत वावरण्याला जपानने १९८२ साली ‘शिनरिन-योकु’, म्हणजे अरण्यस्नान, असे नाव दिले आणि त्याविषयी आपल्याकडेही बरेच लिहिले जाते. मला मात्र त्याहून जवळची वाटते ती वर्षाचे ७२ भाग करणारी येथील जुनी कालगणना. सुमारे पाच दिवसांच्या प्रत्येक भागाला त्या दिवसांतल्या घटनेचेच नाव आहे: ‘चिमण्या घरटी बांधू लागतात’, ‘पहिला साकुरा उमलतो’. ही नावे वाचताना मला गिरगावातली आजी आठवली. पंचांग हाती आले की ती आधी मृगाचे वाहन बेडूक आहे की कोल्हा, हे पाही आणि मृगापासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राचा पाऊस वेगळा ओळखे. हे ज्ञान आमच्या घरातच होते. मी ते कधी मागितले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

यंदा एप्रिलअखेरच्या सुट्टीत दादरला आईकडे गेले, तेव्हा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोरच्या ताम्हणाला बहर आला होता. ताज्या फुलाच्या सहा जांभळ्या पाकळ्या चुरगळलेल्या रेशमासारख्या असतात आणि जुनी होत जाणारी फुले फिकी पडतात, त्यामुळे एकाच तुऱ्यात रंगाच्या तीन-चार छटा दिसतात. ज्या घरात मी पंचवीस वर्षे राहिले, तेथे हे मला प्रथमच दिसले.

पर्जन्यवृक्षावरून तांबटाचे ‘टुक टुक’ अखंड येत होते. दोन दिवस शोधल्यावर सुक्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक दिसले आणि त्यातून डोकावणारी जाड चोचही दिसली. नेमकी तीच फांदी पावसाळ्याआधीच्या छाटणीत काढायचे सोसायटीत ठरले होते. तांबट घरट्यासाठी मेलेले, मऊ लाकूडच कोरतो, त्यामुळे आपल्याला निरुपयोगी वाटणारी फांदी हेच त्याचे घर असते. आईने खाली जाऊन पिल्ले उडेपर्यंत थांबण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. मात्र फांदीखाली कोणी गाडी लावू नये, असे ठरले.

मी परतले, तरी आई आता कॅलेंडरच्या चौकोनात रोज एक ओळ लिहिते आणि संध्याकाळी मला फोनवर वाचून दाखवते. काल तिने वाचले: “एक पिल्लू सकाळी उडाले. दुसरे अजून आत आहे, सारखी चोच बाहेर काढते.”