काचेआडची सूचना

सह्याद्रीतल्या गट ग्रामपंचायतीचे कार्यालय एका गावात असते आणि वाड्या मात्र डोंगरउतारांवर विखुरलेल्या असतात. त्यामुळे कार्यालयाच्या ओसरीवरचा सूचना फलक बहुतेकांच्या वाटेत येतच नाही. तसा तो ऐटबाज असतो. लाकडी चौकट, सरकती काच, तिला इवलेसे कुलूप आणि आत एकावर एक डकवलेले कागद: वर घरपट्टीची नोटीस, तिच्याखालून डोकावणारी घरकुलाची यादी आणि तळाशी उन्हाने शाई उडालेली एखादी निविदा. यादीतले आपले नाव नेमके वरच्या कागदाखाली गेले असेल, तर किल्लीवाल्या शिपायाची वाट पाहावी.

कायदा मात्र समंजस आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सांगते की, कोणी मागण्याआधीच माहिती प्रसिद्ध करावी आणि तसे करताना स्थानिक भाषा व परिणामकारक माध्यम यांचा विचार व्हावा. त्यात सूचना फलकाच्या जोडीला जाहीर घोषणेचाही उल्लेख आहे. पण फलकाचा फोटो काढून नस्तीला लावता येतो, बोललेल्या शब्दाचा लावता येत नाही. निवड बहुधा तिथेच होत असावी. शिवाय मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या बाईला ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ या वाक्यातले संबंधित म्हणजे आपणच, हे कोणी सांगावे?

दवंडीचे बरे होते. हलगी वाजली की चूल फुंकणारी बाईही दारात येई आणि ‘कशाची सभा? पाणीपट्टी वाढवताय काय?’ असे दवंडीवाल्यालाच विचारी. अर्थात त्या दवंडीचे गोडवे गाताना जपून बोलावे, कारण गावकीची ही कामे जातीने ठरावीक घरांवर लादलेली होती. ग्रामपंचायतींचा १९५८ चा अधिनियम आणि कनिष्ठ ग्रामवतने, म्हणजे गावकीची ही वंशपरंपरेने चालणारी कामे, नाहीशी करणारा अधिनियम एकाच सालचे आहेत, हे मला फार योग्य वाटते. ती सक्ती जायलाच हवी होती. दारात येऊन सांगणे मात्र पगारी माणसाकडूनही चालू ठेवता आले असते.

आता व्हॉट्सॲपचा गट आहे. वाडीत रेंज नसते, पण मुंबईला नोकरीला असलेला मुलगा त्या गटात असतो. म्हातारी सड्यावर चढून त्याला फोन लावते, तेव्हा उद्या आपल्याच गावात ग्रामसभा असल्याचे तिला त्याच्याकडून कळते.