तापली की बंद पडणारी सिटी आणि डॅशबोर्डवरचे दोन बल्ब

बाबांची १९९९ सालची होंडा सिटी १.५ ईएक्सआय गेल्या उन्हाळ्यात चालता चालता बंद पडायला लागली. सकाळी निघालं तर कोथरूडपासून शिरवळपर्यंत काहीही तक्रार नाही. दुपारी मात्र, गाडी उन्हात उभी राहून आतून तापली असली, की चढावर किंवा सिग्नलवरून निघताना जोर ओसरायचा, ॲक्सिलरेटर दाबून उपयोग व्हायचा नाही आणि दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद. कडेला घेऊन सेल्फ मारला तर इंजिन नुसतंच फिरायचं. दारं उघडी ठेवून थोडा वेळ थांबलं, की पहिल्या सेल्फला सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग एकदम जड होतं आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. खंबाटकी घाट चढताना वळणावर हे झालं, मागे ट्रक होते आणि शेजारी आई होती. कारण सापडेपर्यंत गाडी शहराबाहेर न्यायची नाही, असं त्या दिवशी ठरवलं.

गॅरेजमध्ये गाडी कधीच बंद पडली नाही. तिथे ती सावलीत उभी असायची, फ्यूएल प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास, अगदी हवं तसं. आधी फिल्टर आणि प्लग बदलले, मग पंप. पंपाचा संशय चुकीचा नव्हता. तापल्यावर पंपाची मोटर दम तोडते आणि निवल्यावर पुन्हा चालते, असं खरंच होतं. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनंच थंड राहतो, म्हणून पेट्रोलचा काटा कायम तळाशी ठेवून गाडी चालवली तर त्याचं आयुष्य घटतं. पण नवा पंप बसूनही गाडी कर्वे रोडवर पुन्हा बंद पडली, आणि आता ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, बदलून बघू असं ऐकल्यावर मी गाडी तिथून काढून आणली. एवढ्या जुन्या गाडीचा ईसीयू मिळणार तो भंगारातला, आणि तो तरी धड असेल कशावरून?

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांमागे एक वायरमन काका बसतात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधीच विचारलं, "ताई, बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडतो? धपकन शून्यावर, का गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू?"

हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता, आणि निम्मं उत्तर त्यातच होतं. गाडी गिअरमध्ये असते तोवर इंजिन बंद झालं तरी चाकं त्याला फिरवत राहतात. इग्निशनचा सिग्नल गेला असेल तर इंजिन फिरत असूनही काटा एकदम शून्यावर येतो. पेट्रोल थांबलं असेल तर सिग्नल चालूच राहतो आणि काटा वेगाबरोबर उतरतो. माझा काटा हळूहळू उतरायचा. शिवाय स्पार्क गेला तर इंजिन खटका बंद केल्यासारखं तत्क्षणी मरतं. पेट्रोल गेलं तर लाइनमधलं उरलंसुरलं प्रेशर संपेपर्यंत क्षणभर ओढतं. त्यामुळे डेल्को (प्लगना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्यूटर), म्हणजे त्यातला इग्नायटर आणि सेन्सर, संशयाच्या यादीत खाली गेले. सर्व्हिस कनेक्टरची दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडून चेक इंजिनचा दिवा मिचकावतो का तेही पाहिलं. बिघाड सांगणारा एकही कोड नव्हता.

या पिढीच्या गाड्यांत पंपाचं काम कसं चालतं ते समजलं की शोध सोपा होतो. चावी ऑन केली की मेन रिलेचा (करंटनं चालणाऱ्या खटक्याचा) एक भाग ईसीयूला आणि इंजेक्टरना करंट देतो. दुसरा भाग पंपाला देतो, पण ईसीयूनं सांगितलं तरच. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद जी घरघर ऐकू येते ती याचीच. त्यानंतर इंजिन फिरतंय असा सिग्नल येईपर्यंत ईसीयू पंप बंद ठेवतो. म्हणजे पंप थांबला तर कारण पंपात, रिलेत, ईसीयूच्या हुकमात किंवा मधल्या तारेत असू शकतं. मधूनच येणारा दोष गॅरेजमध्ये दिसत नाही, म्हणून तो येईल त्या क्षणी बघायला कुणीतरी जागेवर हवं.

काकांनी दोन छोटे १२ व्होल्टचे बल्ब घेतले. एकाची तार मागच्या सीटखाली पंपाच्या कनेक्टरवरून आणली, दुसऱ्याची डेल्कोकडे जाणाऱ्या करंटवरून. दोन्हींत बारीक फ्यूज घातला, कारण उघडी तार कुठे घासून शॉर्ट झाली तर आगीचा धोका. दोन्ही बल्ब स्टिअरिंगच्या बाजूला टेपनं चिकटवले. "आता नेहमीसारखी चालवा. बंद पडली की आधी दिवे बघा, मग कडेला घ्या," म्हणाले. मी उलटं करायचं ठरवलं होतं, पण तशी वेळ आली नाही. सिंहगड रोडवर दुपारी जोर ओसरला तेव्हा पंपाचा बल्ब विझलेला नजरेच्या कोपऱ्यातच दिसला. डेल्कोचा लख्ख जळत होता.

मग मेन रिले काढून उघडला. जुन्या रिलेच्या सर्किटवर पायांच्या मुळाशी सोल्डरला गोल तडा जातो, तापल्यावर तो उघडतो आणि पंप थांबतो. हे इतकं नेहमीचं आहे की मला वाटलं सापडलं. भिंगाखाली सोल्डर अखंड होतं. तरी काकांनी ते नव्यानं वितळवून घेतलं आणि डेल्कोवरचा बल्ब काढून रिलेच्या पंपाकडच्या टोकावर लावला. पुढच्या वेळी रिलेचा बल्ब जळत राहिला आणि पंपाचा विझला. रिले निर्दोष, ईसीयूचा हुकूम पोहोचतोय. दोष रिले आणि पंप यांच्या मधल्या तारेत, म्हणजे डॅशबोर्डखाली किंवा गालिच्याखाली.

डॅशबोर्डखालचं प्लास्टिक उतरवल्यावर काळ्या टेपचा एक गोळा लोंबत होता. टेपचा गोंद उन्हानं पाघळून चिकट झालेला. आत एक बाहेरून बसवलेला रिले, पंपाची मूळ तार कापून दोन्ही टोकं त्याला पिळून जोडलेली, सोल्डर नाहीच. गाडी नवी असताना बाबांनी बाहेरून चोरीचा अलार्म बसवून घेतला होता. त्याचा सायरन केव्हाच गेला, रिमोट हरवला, पण इंजिन बंद पाडणारा रिले पंपाच्या वाटेत तसाच राहिला. अशा रिलेत अलार्म निष्क्रिय असताना करंट ज्या काँटॅक्टमधून जातो तो नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. पंचवीस वर्षं पंपाचा सगळा करंट त्यातून वाहिला. काँटॅक्ट काळा पडला की तिथे रोध वाढतो, रोध वाढला की तो तापतो, तापला की आणखी काळा पडतो.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटली ती यापुढची मोजणी. पंप बंद ठेवून मल्टिमीटरनं ती तार तपासली तर तो टीं करून वाजत होता, तार सलग आहे म्हणून. एक बारीक धागा शिल्लक असला तरी मीटर तसंच सांगतो. मग इंजिन चालू ठेवून, पंप ओढत असताना, त्या रिलेच्या दोन टोकांवर मीटर लावला. २ व्होल्टपेक्षा जास्त तिथेच वाया जात होते. म्हणजे गाडी बंद पडत नव्हती तेव्हाही पंप अर्धपोटीच चालत होता.

अलार्मचा रिले काढून मूळ तार पुन्हा जोडली: सोल्डर, त्यावर हीट श्रिंक नळी. आता तेवढ्याच अंतरात ०.१ व्होल्टही वाया जात नाही. त्या अलार्मच्या बाकी तारा इंडिकेटर आणि दरवाज्यांच्या खटक्यांवर जोडलेल्या निघाल्या, त्याही एकेक करून सोडवल्या. जुनी गाडी हातात आली असेल तर हा गोळा आधी शोधा. त्या काळात बाहेरून अलार्म बसवलेल्या गाड्यांत तो बऱ्याचदा पंपाच्या नाहीतर इग्निशनच्या तारेवर असतो.

मे महिन्याच्या उन्हात मुद्दाम गाडी उभी करून, मग खंबाटकी चढून वाईपर्यंत गेले. दोन्ही बल्ब पूर्ण वेळ जळत होते. आता थंड इंजिनावर आयडलिंग थोडं वरखाली होतं, त्यासाठी आयडल व्हॉल्व्ह काढून साफ करायचा आहे.